जुन्या डिझेल गाडीत धुराचा वास येतोय? आधी नाकाने शोधा, मग पाना हातात घ्या

आईला गाडी लागते, हे आमच्या घरात कित्येक वर्षं ठरूनच गेलं होतं. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो की पालीपर्यंत ती बोलत असायची. साखरप्याला गप्प व्हायची. आंबा घाट सुरू झाला की आलेपाक तोंडात, पदर नाकाला, आणि वर पोचेपर्यंत निदान एकदा गाडी बाजूला घ्यायची. ती मागे बसायची आणि वारा लागावा म्हणून मागची काच उघडी ठेवायची. पुढच्या काचा मात्र एसीसाठी बंद. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला ती भावाच्या गाडीतून त्याच घाटाने गेली आणि मलकापूर येईपर्यंत शेंगा खात गप्पा मारत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला गाडी लागत नव्हती, आमची गाडी तिला लागत होती.

गाडी २००६ सालची, सात माणसांची, डिझेल. वासाबद्दल मी दोन ठिकाणी विचारलं होतं. एकाने सांगितलं, ‘जुनी डिझेल आहे, वास येणारच.’ दुसऱ्याने अर्धं इंजिन खोलायचा अंदाज दिला. दोघांनीही खाली वाकून बघितलं नव्हतं. शेवटी दोष निघाला सायलेन्सरच्या वरच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे. त्या शोधात शिकलेलं सगळं इथे क्रमाने लिहितो, कारण किनारपट्टीवर अशा गाड्या अजून शेकड्यांनी धावतात आणि त्यांत पोरंबाळं बसतात.

आधी हे लक्षात घ्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू बिनवासाचा असतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतोच. तुम्हाला येतो तो वास त्याच्यासोबत आलेल्या बाकीच्या वायूंचा. म्हणजे वास हा इशारा आहे, आणि नाक सरावतं म्हणून अर्ध्या तासाने तो इशाराही ऐकू येईनासा होतो. डोकं जड होणं, मळमळ, डोळे चुरचुरणं, उगाच झोप येणं यातलं काही गाडीत बसल्यावर होत असेल आणि खाली उतरल्यावर कमी होत असेल, तर गोळ्या घेण्याआधी गाडी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. ‘वास येणारच’ हे उत्तर म्हणून चालत नाही ते यासाठी.

दोष सापडेपर्यंत गाडी चालवावीच लागली तर मागची काच आणि मागचा दरवाजा घट्ट बंद ठेवा, पुढच्या काचा उघडा आणि पंखा बाहेरची हवा आत घेणाऱ्या बाजूला ठेवा. चौकोनी पाठीची गाडी धावते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत घुटमळतो. पुढच्या काचा बंद आणि मागची उघडी असली की तोच धूर आत ओढला जातो. आई वाऱ्यासाठी काच उघडत होती आणि वाऱ्याबरोबर धूर घेत होती.

पहिली पायरी: दोन दिवस नुसती नोंद

पाना उचलू नका. वही घ्या आणि वास कधी येतो ते लिहा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की धावताना? चढाला की उताराला एक्सिलेटर सोडल्यावर? पुढच्या सीटवर जास्त की मागे?

यात एक सोपी चाचणी घालून घ्या. काचा बंद करून पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा, पाच मिनिटांनी आतलीच हवा फिरवणाऱ्या खटक्यावर टाका. खटका बदलल्यावर वास थांबला तर तो बहुतेक बॉनेटखालून येतोय, कारण बाहेरची हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत येते. खटका बदलूनही वास तसाच राहिला किंवा वाढला, तर फरशी, गिअरची रबरी टोपी किंवा मागचा दरवाजा तपासायचा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी गाडी बाजूला पडते.

दुसरी पायरी: वास कसला आहे ते ठरवा

‘धुराचा वास’ असं आपण एकच नाव देतो, पण त्यात पाच-सहा वेगळे वास असतात.

पंपावर येतो तसा कच्च्या डिझेलचा वास म्हणजे डिझेल जळत नाहीये किंवा कुठेतरी गळतंय. डोळ्यांत झोंबणारा, पांढुरका धूर सोबत असेल तर न जळालेलं डिझेल सायलेन्सरमधून बाहेर पडतंय. धूर काही नाही, नुसता वास, तोही गाडी बंद करून उभी केल्यावर जास्त, तर गळती शोधा.

काजळीचा, घसा कोरडा करणारा वास आणि काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. वडे तळून उरलेलं तेल पुन्हा तापवल्यासारखा वास म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गोडसर, पाकासारखा वास आणि विरून न जाणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतोय.

कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर जुन्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या आधी बॅटरी बघा. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, धुराला त्याचा उग्र दर्प यायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दर किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसतं, म्हणून आज अंड्याचा वास डिझेलच्या माथी मारता येत नाही. अल्टरनेटर जास्त चार्जिंग देत असला की बॅटरी उकळते आणि अंड्याच्या वासाचा वायू सोडते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १५ च्या वर दिसले तर गाडी बंद करा, बॉनेट उघडं ठेवा, जवळ बिडी-काडी नको. हा वायू विषारी आहे आणि नाक बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

तिसरी पायरी: धूर टोकाआधीच कुठे फुटतोय का

कोकणात इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खारा वारा, चार महिने पाऊस आणि मासळी आणायला वाळूवर उतरवलेली गाडी, या तिघांनी मिळून सायलेन्सर बाहेरून खाल्ला जातो. आतून तो पाणी साचून गंजतो. बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही, धुरातलं पाणी आत साठून राहतं. घाटमाथ्यावर वर्षानुवर्षं टिकणारा सायलेन्सर पावस-गणपतीपुळ्याच्या पट्ट्यात बराच आधी जातो.

गाडी उघड्यावर, सपाट जागी उभी करा. पडवीत किंवा शेडमध्ये हे काम कधीच करू नका. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलवर ठेवा आणि चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, खाली जायचंच असेल तर खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये जा.

काम सकाळी, इंजिन थंड असताना करा. एक माणूस गाडी चालू करेल. दुसऱ्याने गोणपाट भिजवून, चार घड्या करून, जाड हातमोजे घालून सायलेन्सरच्या टोकावर पाच-सहा सेकंद दाबून धरायचं, त्याहून जास्त नाही. नळी धड असेल तर गोणपाट हाताला जोराने बाहेर ढकललं जातं आणि इंजिनचा आवाज कोंडतो. कुठे भोक असेल तर हाताला दाब जाणवतच नाही, उलट गाडीखालून फुसफुस ऐकू येते. आमच्या गाडीत मी गोणपाट धरलं तेव्हा हाताला जेमतेम फुंकर लागत होती, आणि पुतण्या ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडला, ‘काका, माझ्या पायाखाली आवाज येतोय.’

खालून बघितलं तर सायलेन्सर धडधाकट दिसत होता. मेस्त्रींनी हात वर घालून बोट फिरवलं आणि बोट काळं होऊन बाहेर आलं. सायलेन्सरच्या पाठीवर, फरशीच्या बाजूला, वर्षानुवर्षं तांबडी माती अडकून ओली राहिली होती. तिच्याखाली पत्रा कुजून तळहाताएवढा खचला होता. धूर सरळ फरशीवर आदळत होता आणि मागच्या सीटखाली निखळलेल्या रबरी बुचातून आत शिरत होता. म्हणून म्हणतो, वरची बाजू आरशाने बघा, नाहीतर गाडी थंड असताना हाताने चाचपा.

बाकीच्या जागांवर गळतीची खूण म्हणजे काजळी. जिथे दोन नळ्या जुळतात, जिथे लवचीक जाळीदार नळी आहे, जिथे सायलेन्सर पट्ट्यावर टांगलेला आहे, तिथे काळा पिसाऱ्यासारखा डाग दिसला की तीच जागा. रात्री टॉर्चच्या तिरक्या उजेडात निसटणारा धूर चांगला दिसतो. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या नळीच्या जोडातलं, गॅस्केट फुटलं असेल तर इंजिन थंड असताना ‘चक्-चक्’ आवाज येतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो. गॅरेजमध्ये गाडी गरम पोचते, आवाज गेलेला असतो, आणि मग तुम्हालाच भास झाला असं ठरतं. अशा गाडीला रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी पहिल्यांदा चालू करायला सांगा.

टोकाची नळीही बघा. ती बंपरच्या बाहेर निघालेली हवी. कुजली म्हणून कापून आखूड केलेली नळी गाडीच्या पोटाखालीच धूर सोडते.

चौथी पायरी: आत शिरतो कुठून

भोक बुजवलं तरी वाट उघडी राहिली तर पुढच्या सिग्नलला पुढच्या ट्रकचा धूर आत येईल. गाडी बंद करून दरवाजे-काचा लावा, पंखा बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगाने सोडा, आणि बाहेरून मागच्या दरवाजाच्या रबराभोवती उदबत्ती फिरवा. जिथे धूर लांब उडतो तिथून हवा सुटते, आणि जिथून सुटते तिथूनच आत येते. दहाची नोट रबरात धरून दरवाजा लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर दबून निकामी झालंय. फरशीची मॅटिंग उचलून रबरी बुचं मोजा. गिअर आणि हँडब्रेकच्या टोप्या बघा, वायरिंग जिथून इंजिनकडून आत येतं ती भोकं बघा. उंदरांनी पावसाळ्यात इथेच वाट केलेली असते.

पाचवी पायरी: टोकातून निघणारा धूरच वाईट असेल तर

गळती नाही, तरी वास जबर, मग इंजिनकडे वळा. टोकापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद मिनिटभर धरा. कोरडी काजळी बसली तर डिझेल-हवेचं गणित चुकलंय, तेलकट ठिपके दिसले तर ऑइल, ओलसर आणि डिझेलचा वास आला तर न जळालेलं डिझेल.

काळ्या धुराला सगळ्यात स्वस्त कारण आधी तपासा: एअर क्लीनर. चिरेखाणीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा क्लीनर तांबड्या धुळीने महिन्यात चोंदतो, आणि पावसाळ्यात त्या डब्यात उंदराचं घरटं मिळणं नवलाचं नाही. तो ठीक असेल तर टर्बो असलेल्या गाडीत रबरी होज फाटलाय का बघा. फाटला असेल तर चढाला पिकअप पडतो आणि शिट्टी येते. मग नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. पीयूसीच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर इथे कामी येतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ६५ एचएसयू (धूर मोजायचं एकक) आहे, बीएस-४ ला ५०. आकडा मर्यादेत असला तरी तो दर वेळी वर सरकतोय का ते पाहा. फक्त हे लक्षात ठेवा की पीयूसीचं यंत्र टोकातला धूर मोजतं, मधली गळती ते पकडत नाही.

पांढऱ्या धुराबाबत आपल्या भागाचा एक फायदा आहे. महाबळेश्वरला थंडीत सकाळी जुनं डिझेल इंजिन पांढरा धूर मारतं तेव्हा थंडीला दोष देता येतो. रत्नागिरी-मालवणात तशी कडाक्याची थंडी पडतच नाही. इथे डोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर पाच-सात मिनिटं टिकत असेल तर कारण इंजिनमध्येच आहे: हीटर प्लग गेलेले, नोझल फवारा न मारता थेंब टाकतेय, पंपाचं टायमिंग मागे गेलंय किंवा कॉम्प्रेशन पडलंय. पावसाळ्यात चालू करताच निघणारी बिनवासाची वाफ वेगळी, ती दोन मिनिटांत विरते.

याच क्रमाने जा, कारण खर्च याच क्रमाने वाढतो. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत तिथे प्रत्येक प्लगची वायर काढून मीटरने रोध मोजा. चांगला प्लग एखाद-दोन ओहम दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. मग नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर मारून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा: फवारा धुक्यासारखा बारीक हवा, टोकावर थेंब लोंबता कामा नये. जुन्या पंपाच्या गाडीत मेस्त्री एकेका नोझलचा नट किंचित सैल करून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते ओळखतात. ते काम मेस्त्रींचंच. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा गाडीत, तर तो नट चालू इंजिनवर कोणीही हलवायचा नाही, तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसलं तरी तडक मोठ्या दवाखान्यात जायचं.

निळ्या धुराचं वेळापत्रक बघा. घाट उतरून पुन्हा एक्सिलेटर दिल्यावर भपकारा आला तर व्हॉल्व्ह सील, चढाला सतत आला तर रिंग-पिस्टन किंवा टर्बोचं सील. धूर नाही पण तळल्याचा वास उभ्या गाडीत आत येतो, असं असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, गॅस्केट झिरपून ऑइल गरम मॅनिफोल्डवर पडत असतं. हे काम किरकोळ आहे आणि याच वासावर इंजिन खोलायचे सल्ले दिले जातात, म्हणून आधी तिथे बोट फिरवा.

गोड वास आला तर तपासायला उशीर करू नका. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील आणि कूलंट दर आठवड्याला कमी होत असेल तर हेड गॅस्केट संशयित. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. छोट्या फेऱ्या आणि दमट हवा यांनी आपल्याकडे पावसात ती नुसतीही जमते. लांब फेरी मारून, पुसून, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गाडी हलवू नका.

डिझेलची गळती

नोझलांना जोडणारी बारीक कापडी रबराची ओव्हरफ्लो नळी जुन्या गाडीत कडक होऊन तडकते. सोबत हातपंप, फिल्टरचं बूड, तांब्याचे वॉशर. सगळं फडक्याने कोरडं पुसा, वर थोडी टाल्कम पावडर मारा, दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा. ओली रेघ कुठून निघाली ते स्पष्ट दिसतं. चालू इंजिनवर बोटाने चाचपू नका. डिपस्टिकही हुंगा. ऑइलची पातळी वाढलीय आणि त्याला डिझेलचा वास आहे, तर डिझेल आत उतरतंय. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात, म्हणून ते निस्तरेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

दुरुस्ती करून घेताना

सायलेन्सरवर पत्र्याचा तुकडा मारून वेल्डिंग केलं तर ते कुजलेल्या पत्र्यावर टिकत नाही, एक पावसाळा जेमतेम निघतो. पत्रा बोटाने दबत असेल तर बदला. वेल्डिंग करायचंच तर बॅटरीची वायर काढायला लावा आणि टाकी व डिझेलच्या नळ्या किती जवळ आहेत ते स्वतः बघा. जोडांना नवीन गॅस्केट आणि नवीन बोल्ट घाला. सीलंट थापून जोड बंद केला तर तो पहिल्याच घाटात उडतो. वाळूवर किंवा भरतीच्या पाण्याजवळ गाडी गेली असेल तर घरी आल्यावर पोटाखालून गोड्या पाण्याने धुवा, सायलेन्सरच्या पाठीवरची माती काढा.

नवीन गॅस्केट तापून-निवून बसतं आणि बोल्ट सैल पडतात. साधारण पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि गोणपाटाची चाचणी पुन्हा करा. आमचं हे राहून गेलं असतं, पण आईनेच पुतण्याला आठवण करून दिली. त्या सकाळी गोणपाट तिनेच भिजवून आणलं.